चित्र आधी, आवाज मागून

ही गोष्ट खरी आहे.

असं इथे लिहिणारा प्रत्येकच जण म्हणतो, ते मला माहीत आहे. मी या पानावरच्या गोष्टी नेमाने वाचते आणि निम्म्या वाचून मला हसू येतं. अमावस्येची रात्र, पांढरी साडी, पैंजणांची छुमछुम! माझ्या गोष्टीत यातलं काही नाही.

माझ्या गोष्टीत रात्रच नाही.

जे घडलं ते भर दुपारी, लख्ख उन्हात आणि गावासमोर घडलं. साल १९७३, महिना मे. पारनेर तालुक्यातलं एक गाव. नाव लिहीत नाही, कारण त्या माणसांची मुलंबाळं अजून तिथे नांदतायत. पण तिकडच्या एखाद्या म्हाताऱ्याला 'डोणीवरचं प्रकरण' एवढंच विचारून बघा. तो तुम्हाला चहा विचारेल, पावसापाण्याचं बोलेल, आणि उठून जाईल.

मी इंदू. तेव्हा त्या गावच्या शाळेत नवी शिक्षिका होते. आमचं घर नगरचं. वडील मास्तर, काका मास्तर, आत्यासुद्धा मास्तरीण. त्या घरात एकच नग वेगळा निघाला. माझा थोरला भाऊ शामकांत. आमचा शामदादा.

हे सगळं त्याच्याबद्दल आहे.

बहात्तरचा दुष्काळ ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळायचा नाही. मे उजाडेपर्यंत विहिरी तळाला गेल्या होत्या. अख्खं गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडत होतं. शाळेला सुट्टी होती, पण मी गावातच थांबले होते. शाळेच्या ओसरीवर मुलांना, म्हाताऱ्यांना सुकडी वाटायचं काम माझ्याकडे होतं. सुकडी म्हणजे दुष्काळात सरकारकडून मिळणारा गोडसर पिठाचा भुगा. त्यावर पोरं जगली.

अशात एके दिवशी दादा एसटीतून उतरला. टपावरून दोन पत्र्याच्या ट्रंका आणि काळ्या वायरीची भली मोठी भेंडोळी खाली आली.

"हे काय आणलंयस?"

"कॅमेरा आणि टीव्ही."

मुंबईत टीव्ही सुरू होऊन वर्षही झालं नव्हतं. आमच्या गावात रेडिओ होते दोन, त्यातला एक बिघडलेला. दादा मुंबईला चित्रकला शिकला होता. परदेशात कारखान्यांतून, बँकांतून चोरांवर नजर ठेवायला असे कॅमेरे लावतात, वायरीने ते टीव्हीला जोडतात आणि एक माणूस खुर्चीत बसून बघत राहतो. तसला संच त्याने कुठल्याशा कलासंस्थेकडून उसना आणला होता.

"इथे चोरायला आहे काय? खडी?"

"चोर नाही पकडायचे, इंदे. आपल्या डोळ्यांसमोर जे मरतंय ना, ते दाखवायचंय. माणूस समोरचं बघत नाही. तेच काचेच्या पेटीत ठेव, टक लावून बघेल. हेच माझं चित्र."

मला वाटलं, उन्हाने डोकं फिरलंय.

गावाबाहेर अर्ध्या मैलावर, टेकाडापलीकडे, माळरानाच्या कडेला कडूबाईंची विहीर होती. कडूबाई साठीच्या. नवरा गेलेला, मुलगाही गेलेला, घरात फक्त सून साळूबाई. विहिरीच्या शेजारी एक डोणी होती. अखंड दगडात कोरलेली, गुरांना पाणी पाजायची. दुष्काळात गावाने गुरं छावणीला नेली, तरी कडूबाई रोज दुपारी तळातलं पाणी शेंदून ती डोणी भरत. माळावरच्या जनावरांसाठी.

त्या डोणीचा एक नेम होता. कडूबाईंच्या सासऱ्याने विहीर खणली तेव्हापासूनचा. पाण्याला तोंड लावलेल्या जिवावर हात उचलायचा नाही. लांडगा असला तरी नाही.

"पान्याशी आल्याला जीव पाव्हना आस्तोय, बाई," त्या मला म्हणायच्या. "पाव्हन्याला कोन मारतंय व्हय?"

गाव त्यांच्यावर चिडलेलं होतं. माणसं घोटभर पाण्याला रांगेत आणि म्हातारी हरणं पाजते!

दादाने कॅमेरा नेमका त्या डोणीवर रोखला. बाभळीच्या बुंध्याला बांधला. मोटरीसाठी आलेली वीज विहिरीवर होतीच. वायर टेकाडावरून शाळेत आणली आणि टीव्ही माझ्या ओसरीवर मांडला. माळावर धूळ फार, म्हणून रोज पाणी भरून झालं की पदराने कॅमेऱ्याची काच पुसायचं काम कडूबाईंनी आपणहून घेतलं.

या कॅमेऱ्याला अंधारात काही दिसत नसे. आणि त्यात काही साठतही नसे. समोर चाललेलं तेवढं त्या क्षणी दिसणार, गेलं की गेलं. आवाज तर नव्हताच, नुसतं करडं, मुकं चित्र.

पण खोटं कशाला बोलू? दादाचं चित्र लोकांना लागलं!

सुकडीला आलेली माणसं बसून राहू लागली. भर दुपारी डोणीवर हरणं येत. काळवीट येई. एकदा एक मादी पाडसाला घेऊन आली. पाडसाचं तोंड पाण्यापर्यंत पोचेना, तर मादी गुडघ्यांवर बसली आणि आपलं ओलं तोंड त्याच्या तोंडाला लावत राहिली. दुसऱ्या दिवशी दोन बायका आपल्या वाट्यातला हंडा घेऊन माळाकडे निघाल्या. मग चार निघाल्या. कडूबाईंना शिव्या घालणारं गाव कडूबाईंच्या डोणीत पाणी ओतायला लागलं.

त्या दिवशी मला माझ्या भावाचा फार अभिमान वाटला. तो दिवस मी अजून जपून ठेवलाय.

ओसरीवर बसणाऱ्यांत गोरक्षही होता. पाटलांचा मुलगा. जीप, दुनळी बंदूक आणि रिकामा वेळ, तिन्ही त्याच्याकडे भरपूर. माळावरची हरणं माणसाचा वास आला की पसार होत, त्यामुळे दिवसदिवस दबा धरूनही त्याच्या हाती काही लागत नसे.

आता काचेच्या पेटीत सगळं दिसत होतं. कोण आलं, कधी आलं, कुठल्या बाजूने आलं...

गोरक्षने आपला गडी सहादेव माझ्या ओसरीवर बसवला. काळवीट डोणीवर आलं की सहादेवने टेकाडावर पळायचं आणि तांबडा पटका हलवायचा. गोरक्ष बांधाआड बंदूक घेऊन पडलेला असायचा.

पहिल्यांदा झालं तेव्हा आम्हाला काही समजलंच नाही. पडद्यावर काळवीट पाणी पीत होतं. पिता पिता त्याची मान डोणीत पडली.

आवाज नाही.

आणि मग...

टेकाडापलीकडून धडाका आला.

"वायरीतून चित्र लगेच येतं," दादा पुटपुटला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आवाज हवेतून येतो. चित्र आधी, आवाज मागून."

दुसऱ्या दिवशी परत तेच. ओसरीवरच्या बायका उठून गेल्या. मी दादाला म्हटलं, "काढ तो कॅमेरा. आत्ता!"

"चार दिवस थांब, इंदे. सोमवारी मुंबईहून संस्थेची माणसं बघायला येतायत. त्यांनी बघितलं तर माझं आयुष्य मार्गाला लागेल. आणि कॅमेरा नुसता बघतो. तो मारत नाही."

"तू गोरक्षला सांग तरी."

"पाटलांनी शाळा वापरायला दिलीय. उद्या ट्रंका बाहेर फेकतील."

मी त्याच्याशी बोलणं टाकलं.

तिसऱ्या दिवशी काळवीट आलं. सहादेव पटका घेऊन पळाला. पडद्यावर काळविटाने मान खाली घातली... आणि चित्रात कडूबाई आल्या. त्या विहिरीच्या काठाआड बसून होत्या. काळवीट उधळलं. कडूबाई डोणीसमोर उभ्या राहिल्या, दोन्ही हात पसरून. बांधाच्या दिशेने काहीतरी बोलत होत्या. चांगलंच सुनावत होत्या, हातवाऱ्यांवरून कळत होतं.

मग त्या खाली बसल्या. दमून माणूस बसतं तशा.

ओसरीवर तीसेक माणसं होती.

आणि मग आवाज आला.

गोरक्ष चित्रात आला. त्याने कडूबाईंकडे वाकून पाहिलं. मग मान वर करून त्याने थेट आमच्याकडे पाहिलं. म्हणजे कॅमेऱ्याकडे. तो जवळ जवळ आला, त्याचा हात मोठा होत गेला आणि पडद्यावर नुसतं पांढरं आभाळ उरलं.

कडूबाई विहिरीत सापडल्या. पंचांनी पाय घसरून पडल्याचं ठरवलं. तालुक्याला वर्दी गेलीच नाही आणि दिवस मावळायच्या आत जाळूनही टाकलं. पण त्याआधी साळूबाई, त्यांची सून, शाळेत आली. पाटील आणि पंच बसले होते, गोरक्ष खांबाला टेकून उभा होता. साळूबाई कुणाशी बोलली नाही. सरळ दादासमोर गेली.

"दादा, तुमच्या पेटीत काय दिसलं?"



दादाने गोरक्षकडे बघितलं. मला वाटतं, त्याने सोमवारकडेही बघितलं.

"चित्र धूसर होतं," तो म्हणाला. "नीट दिसलं नाही."

"मला दिसलं!" मी उठले. "मी सांगते काय दिसलं ते."

"बाई," पाटील म्हणाले, "तुमी सुकडी वाटा."

दोघं-तिघं हसले. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. तीस माणसांनी बघितलं होतं, पण पेटी ज्याची तोच नाही म्हणतोय म्हटल्यावर सगळ्यांची सोय झाली. साळूबाईने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, अगदी सावकाश. मग ती गेली.

दादाने कॅमेरा पुन्हा डोणीवर रोखला. सोमवारसाठी! माझा संताप संताप झाला. आणि सोमवारी काय आलं, तर एक तार. पाहुण्यांचा दौरा रद्द.

तरीही तो टीव्ही लावून बसून राहायचा. का, ते त्यालाही सांगता येईना. डोणी आता कोरडी होती. एक जनावर फिरकत नव्हतं. काच पुसायला कुणी नव्हतं, त्यामुळे चित्र रोज थोडं थोडं मळत गेलं. शेवटी डोणी म्हणजे एक राखाडी डाग उरला.

बुधवारी दुपारी सुकडीची रांग लागली होती. साळूबाईसुद्धा रांगेत होती, हे लक्षात ठेवा. दादा टीव्हीसमोर होता.

अचानक पडदा काळा झाला.

वायर तुटली असेल असं मला वाटलं. पण तो काळेपणा हलत होता... त्याला वीण होती... काठ होता...

तो पदर होता.

एकदा डावीकडून उजवीकडे. एकदा उजवीकडून डावीकडे. अगदी रोजच्यासारखा.

पदर बाजूला झाला. चित्र लख्ख. डोणी काठोकाठ भरलेली, पाणी हिंदकळत होतं.

आसपास कुणीही नव्हतं.

दादा धावत सुटला. मी त्याच्यामागे. आम्ही धापा टाकत विहिरीवर पोचलो तेव्हा डोणी कोरडी ठाक होती. आत हात घातला तर दगड तव्यासारखा तापलेला. धुळीत आमच्याशिवाय कुणाची पावलं नव्हती.

पण कॅमेऱ्याची काच...

काच ओली होती.

ही बातमी गोरक्षला कळायला कितीसा वेळ लागणार? दुसऱ्या दिवशी दुपारी तो हसत हसत आला आणि टीव्हीपुढची खुर्ची ओढून बसला. सहादेव त्याच्या पायाशी.

"म्हातारी पानी भरती म्हनं? दाव की, शामराव. आमीबी बगू."

दादाने टीव्ही लावला. स्वच्छ चित्र. भरलेली डोणी. बराच वेळ काहीच नाही. गोरक्ष कंटाळून उठणार एवढ्यात चित्राच्या कडेला काहीतरी हललं.

जनावर होतं. चार पायांवर चालत येत होतं. पण चाल वेगळी होती... मागचे पाय फार लांब होते...

त्याच्या अंगात सदरा होता.

ते डोणीपाशी आलं. त्याने तोंड पाण्याला लावलं आणि लपालपा पिऊ लागलं. मग मान वर केली.

गोरक्ष!

पडद्यावर गोरक्ष हातापायांवर उभा होता, हनुवटीवरून पाणी गळत होतं. आणि गोरक्ष माझ्यासमोर खुर्चीत बसला होता. मी दोघांकडे आळीपाळीने बघत होते. पडद्यावरच्या गोरक्षने समोर काहीतरी पाहिलं. त्याचे डोळे विस्फारले. मग त्याची मान डोणीत पडली.

आम्ही सगळे आवाजाची वाट बघत राहिलो.

आवाज आला नाही.

"आर्टिस्ट लोकांची हातचलाखी हाय ही," गोरक्ष म्हणाला. पण त्याची जीभ टाळ्याला चिकटत होती. "बाई... वाईच पानी द्या."

मी तांब्या दिला. त्याने एका दमात रिकामा केला. दुसरा मागितला. तिसरा. तो पीत होता आणि त्याचे ओठ माझ्यासमोर कोरडे पडून तडकत होते.

दिवस मावळेपर्यंत पाटलांच्या घरातले रांजण रिकामे झाले असं लोक म्हणाले. टँकर त्यांच्या दारात उभा केला. बापाने बंदूक काढून पेटीत घातली, कुलूप लावलं, किल्ली कमरेला लावली. पोराचं डोकं फिरलंय हे त्याला दिसत होतं.

शुक्रवारी भर दुपारी गोरक्ष शाळेवरून धावत गेला. अनवाणी. टेकाड चढताना तो दोनदा पडला. दुसऱ्यांदा पडल्यावर तो उठलाच नाही... तसाच, हातापायांवर, पुढे गेला.

आम्ही टीव्हीकडे पाहिलं. डोणी दिसत होती. तिथे कुणी नव्हतं. खूप वेळ झाला, गोरक्ष तिथे पोचला असणार, पण चित्रात कुणीच येईना.

आणि मग...

टेकाडापलीकडून धडाका आला.

त्याचं चित्र आधीच येऊन गेलं होतं. आता आवाज आला होता.

बंदूक पाटलांच्या पेटीत, कुलपात होती. गोरक्षच्या अंगावर एक ओरखडा नव्हता. तोंड डोणीत, आणि डोणी कोरडी. त्याला आणायला गेलेल्यांपैकी एकाने मला सांगितलं, की त्याच्या घशात बोटभर धूळ होती.

सहादेव ओसरीवरच होता, त्याने हे ऐकलं. त्याचं लक्ष टीव्हीकडे गेलं. माझंही गेलं.

डोणीपाशी सहादेव वाकला होता. डोक्याला तांबडा पटका... पडद्यावर तो काळा दिसत होता, एवढंच.

त्याच दिवशी तो गाव सोडून पळाला. कोपरगावला, लेकीकडे. तिकडे गोदावरी, पाट, ऊस, पाण्याला काय तोटा! महिना काढला त्याने तिथे. मग एका दुपारी पाटाच्या कडेला ओंजळीने पाणी प्यायला वाकला आणि तसाच पाण्यात गेला. लेक म्हणाली, मोठा बार झाल्यासारखा आवाज आला. लोकांना वाटलं, एखाद्या ट्रकचं टायर फुटलं.

दादा म्हणाला, "तो लांब गेला होता. म्हणून आवाज उशिरा पोचला."

ही बातमी यायच्या आधीच दादाने एक गोष्ट केली होती. सहादेवचं चित्र दिसलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, दुपार व्हायच्या आत, त्याने कोयत्याने वायर तोडली. टीव्हीची काच फोडली. स्वतःचं चित्र यायच्या आत.

"माझं चित्रच आलं नाही तर आवाज कुठून येईल, इंदे?"

मी म्हटलं, "साळूबाईकडे चल. खरं काय ते सांग. तेवढंच उरलंय."

दोघं गेलो. साळूबाई अंगणात होती. दादाने तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं. काय दिसलं, गोरक्षने कॅमेऱ्यात कसं पाहिलं, तो स्वतः का खोटं बोलला. रडत होता.

मग साळूबाई आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. आमच्या भागात दारात आलेल्याला आधी पाणी. वैरी असला तरी पाणी. दादाचा जीव भांड्यात पडला. त्याने ओंजळ पुढे केली.

साळूबाईने तांब्या त्याच्या ओंजळीशेजारी धरला आणि मातीत उलटा केला. शेवटच्या थेंबापर्यंत.

"पाव्हन्यासाठी हुतं ते," ती म्हणाली. "तुमी पाव्हने न्हाई."

आम्ही संध्याकाळच्या एसटीने गाव सोडलं.

दादा जगला. पण त्याने पुन्हा चित्र काढलं नाही. घरात टीव्ही येऊ दिला नाही. कुणाच्या लग्नात फोटोला उभा राहिला नाही, आणि म्हणून स्वतःचं लग्नही केलं नाही. दुपारचं ऊन चढलं की तो पाण्याला शिवायचा नाही, मग जीव घशाशी आला तरी चालेल. ऊन कललं की माझ्याकडे मागायचा, चमच्याने, पाठ टेकून. कधीच वाकून नाही. अशी पन्नास वर्षं त्याने काढली आणि ती मी बघितली. मला त्याची कीव यायची. आणि खरं सांगते, कधी कधी साळूबाईचा हात आठवून मला बरंही वाटायचं. माझा भाऊ आहे, तरी वाटायचं.

आता आम्ही दोघं नगरला, सावेडीत एका सोसायटीत राहतो. दादा नव्वदीला टेकलाय. वर्षभर अंथरुणाला खिळून आहे, कूस बदलायची तरी मी लागते. आणि गेल्या काही महिन्यांत तो सगळं विसरलाय. मुंबई विसरला, गाव विसरला, कडूबाई विसरला. मला 'आई' म्हणतो. इतक्या वर्षांनी त्याच्या चेहऱ्यावर भीती नाही. लहान पोरासारखा हसतो.

दिवाळीनंतर सोसायटीने कॅमेरे बसवले. गेटवर, जिन्यात, पाण्याच्या टाकीपाशी. चोऱ्या होतात म्हणे. मी मीटिंगमध्ये विरोध केला, तर सेक्रेटरी म्हणाले, "काकू, कॅमेरा नुसता बघतो."

परवा मी भाजी घेऊन येत होते. वॉचमनने हाक मारली.

"काकू, काकांना एकटं सोडत जाऊ नका हो."

"का? काय झालं?"

"काल दुपारी टाकीपाशी दिसले ना स्क्रीनवर. गळक्या नळाखाली डबकं झालंय, तिथं गुडघ्यावर बसून, वाकून पाणी पीत होते. मी पळत गेलो तर कुणीच नाही. इतक्या लवकर वर कसे गेले?"

मी जिन्याकडे वळले.

"हे बघा की," तो म्हणाला आणि मोबाईल पुढे करू लागला. "यात सगळं साठतंय."

मी बघितलं नाही. जिन्याने वर आले. दादा अंथरुणात होता. तसाच, जसा मी त्याला सोडून गेले होते. पाय काडीसारखे, चादर जागच्या जागी.

त्याची हनुवटी ओली होती.

त्याला मी काही सांगितलेलं नाही. सांगून कळणारही नाही. खिडक्या लावून घेतल्यात. खाली एखाद्या गाडीचा आवाज झाला तरी मी दादाच्या खोलीकडे धावते. पन्नास वर्षं आणि इतकं अंतर, आवाजाला यायला कितीसा वेळ लागेल, मला माहीत नाही.

आत्ता दुपार आहे. ऊन पार चढलंय. दादा कण्हतोय, ओठ सुकलेत, जीभ बाहेर येतेय. जे त्याने पन्नास वर्षांत एकदाही केलं नाही ते आज तो करतोय. भर दुपारी पाणी मागतोय.

"आई, पाणी."

मी वाटी भरून घेतलीय. मघापासून त्याच्या दारात उभी आहे.